मुक्कामाचे शहर : बऱ्हाणपूर

नर्मदा आणि तापी या दोन नद्यांच्या मध्ये सातपुड्याची रांग आडवी पसरलेली आहे. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्याला ती कोठेतरी ओलांडावीच लागते. आणि ओलांडण्यास सर्वांत सोयीची वाट म्हणजे अशीरगडाच्या पायथ्याची खिंड होय. ही खिंड उतरून वीसएक किलोमीटर चालून आले की तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर लागते. सुरतेहून आग्र्यास जाणारा जुना राजमार्ग नवापूर, नंदुरबार, रावेर असा खानदेशातून येऊन येथेच उत्तरेकडे वळे. दिल्लीहून निघालेल्या फौजांना दख्खनेत शिरण्यापूर्वीचा शेवटचा मोठा तळ येथेच पडे. त्यामुळे या शहराच्या वाट्याला एक विलक्षण नशीब आले. पाचशे-साडेपाचशे वर्षांत येथे जे जे थोर म्हणून आले, त्यांना जावयाचे होते दुसरीकडे. बऱ्हाणपूर ही त्यांची वाटेवरली वस्ती होती. कोणी दोन रात्री राहिला, कोणी दोन वर्षे, कोणी वीस वर्षे; परंतु बिछाना गुंडाळून ठेवल्यासारखेच सारे राहिले.

शहराच्या जन्मकथेतही हा मुक्काम आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीरखानाने आसा अहिराकडून अशीरगड कपटाने घेतला, तेव्हा दौलताबादेचे शेख झैनुद्दीन त्याच्या भेटीस आले. खानाने जहागीर देऊ केली. शेखांनी ती नाकारली आणि एवढेच मागितले, की ज्या जागी आपला तळ पडला आहे तेथे आपल्या गुरूच्या, शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावे एक शहर वसवावे आणि पलीकडच्या तीरावर आपल्या नावे एक पुरा वसवावा. अशी हकीकत फिरिश्ता देतो. हकीकत मोहक आहे, पण कालगणनेत बसत नाही. नसीरखान गादीवर आला १३९९ मध्ये, आणि शेख झैनुद्दीन त्यापूर्वी तीस वर्षे, १३६९ मध्येच पैगंबरवासी झाले होते. मात्र दोन्ही नावे खरी आहेत. अलीकडे बऱ्हाणपूर आणि तापीपलीकडे झैनाबाद अशी जोडी आजही नकाशावर दिसते. ज्या बुऱ्हाणुद्दीनांचे नाव शहराने धारण केले ते १३३७ साली, म्हणजे शहर वसण्यापूर्वी साठ वर्षे, निवर्तले होते आणि त्यांची कबर खुलदाबादेस आहे. ज्याच्या नावाने शहर ओळखले जाते तोसुद्धा येथला रहिवासी नव्हे.

भुसावळ-रावेरकडून मोटारीने येणाऱ्या प्रवाशाला हे शहर अर्ध्या तासात ओलांडून पुढे जाता येते, आणि बहुतेक जण तसेच जातात. परंतु वाहन शनवारा दरवाजापाशी सोडून जो पायी निघतो त्याला पहिल्या शंभर पावलांतच काही ओळखीचे वाटू लागते. शनवारा, इतवारा ही वारांवरून पडलेली नावे पुण्याच्या पेठांचे स्मरण करून देतात. सिंधीपुरा, लोहारमंडी ही नावे कोण कोठून आले व काय करीत होते याची नोंद सांगतात. सोळाव्या शतकात सिंध प्रांतातून निघालेली सूफी विद्वानांची आणि विणकरांची कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांच्यावरून सिंधीपुरा. गल्लीत एका घरातून उर्दू, दुसऱ्यातून मराठी, तिसऱ्यातून गुजराती कानी पडते, आणि सर्वांच्या बोलण्याला निमाडीचा थोडा हेल असतो. या भाषांच्या वर एक आवाज सतत चाललेला असतो, तो यंत्रमागांचा. मिठाईवाल्याच्या कढईत खव्याची, तपकिरी-काळसर रंगाची जाड जिलबी तळली जात असते. ही जिलबी मुंबईत रमजानच्या दिवसांत बऱ्हाणपूरच्या नावावर खपते. पण तिची खरी चव येथे, उभ्या उभ्या खाण्यात आहे.

बाजाराच्या मध्यावर जामा मशीद उभी आहे. दुकानांच्या गर्दीतून तिचे दोन मिनार एकाएकी वर निघतात. ही मशीद फारुकी घराण्यातील राजे अलीखान ऊर्फ आदिलशहा याने हिजरी ९९७ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८९ च्या सुमारास बांधविली. आतल्या काळ्या दगडावरील नक्षी पाहण्यासारखी आहेच. पण पायी फिरणाऱ्याने जे अगत्याने पाहावे ते आतला शिलालेख. अरबी लेखाबरोबरच या मशिदीत एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात निर्गुण, सर्वव्यापी अशा सृष्टिकर्त्याला आरंभी नमन केले आहे, फारुकी राजांची वंशावळ दिली आहे, आणि संवत् १६४६, शके १५११ असा काळ पंचांगाच्या परिभाषेत नोंदविला आहे. अशीरगडावरच्या मशिदीतही याच राजाचा असा संस्कृत लेख आहे. मशिदीच्या भिंतीवर शालिवाहन शक कोरविणाऱ्या राजाला आपली प्रजा कोण आहे याचे पक्के भान असले पाहिजे. या राजाची एकूण स्थितीच दोन दगडांवर पाय ठेवलेल्या माणसाची होती. उत्तरेस अकबर आणि दक्षिणेस निजामशाही. यांच्या मध्ये राज्य टिकविण्यासाठी तो अखेर मोगलांच्या बाजूने लढला आणि १५९७ मध्ये गोदातीरी आष्टीच्या रणांगणावर पडला. त्याचा देह बऱ्हाणपुरास आणून पुरला. त्याच्या त्यागाचे मोल मोगलांनी कसे दिले, तर १५९९ मध्ये अकबर स्वतः चालून आला, त्याने बऱ्हाणपूर घेतले, अशीरगडाला वेढा घातला आणि १६०१ च्या आरंभी गड पडताच फारुकी राज्य संपविले. या विजयाचा लेखही त्याच मशिदीत कोरला गेला. एकाच छपराखाली राज्य उभे करणाऱ्याची आणि ते बुडविणाऱ्याची, अशा दोघांचीही दगडी नोंद राहिली आहे.

मशिदीकडून नदीकडे उतरत गेले की जुना किल्ला येतो. तापीच्या काठावर थेट पाण्यातून उठल्यासारखी त्याची भिंत उभी आहे. आतले महाल ढासळले. हमामखाना मात्र शिल्लक आहे, आणि त्याच्या छतावर रंगीत वेलबुट्टी अजून दिसते. याच घाटावर विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये येऊन गेला. नदीच्या पात्रात दगडाचा एक हत्ती त्याने पाहिला. तो इतका हुबेहूब होता, की पाणी पिण्यास आलेल्या एका जिवंत हत्तीने त्याला धडक दिली आणि आपले सुळे मोडून घेतले, अशी कथा तेथे त्याला ऐकावयास मिळाली. हत्तीचे डोके लाल रंगाने माखलेले होते आणि लोक त्याची पूजा करीत, असेही त्याने लिहून ठेविले आहे. मात्र शहराविषयी त्याचे मत चांगले नव्हते. शहर मोठे खरे, पण गलिच्छ, सखल जागी वसलेले आणि रोगट. आणि रोगाचे मुख्य कारण म्हणजे वाईट पाणी. त्याला आवडला तो दोन कोसांवरील लालबाग, खानखानानाचा बगीचा. तेथवरची सगळी वाट झाडांच्या सावलीतून जात होती. फिंचच्या या तक्रारीतील पाण्याचा उल्लेख ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून येथे पोहोचला. त्याला जहांगिराच्या भेटीसाठी अजमेरास जावयाचे होते. वाटेत शाहजादा परवेझ हा दख्खनच्या मोहिमेचा नामधारी प्रमुख म्हणून बऱ्हाणपुरास राहत होता, त्याची भेट घेणे भाग होते. कोतवाल सोळा निशाणे पुढे घालून रोच्या स्वागतास आला आणि त्याला वाजतगाजत सराईत घेऊन गेला. सराईचा दर्शनी भाग घडीव दगडाचा होता. पण आत राहण्यास मिळाल्या त्या चार खोल्या, विटांच्या, वर घुमटाकार, आणि भटारखान्यातील भट्टीएवढ्या. रोने आपला तंबू ठोकून त्यातच राहणे पत्करले. दरबारात त्याने जमिनीला डोके टेकण्याचे नाकारले. परवेझाने मात्र मोकळ्या जागी पुन्हा भेटण्याचे कबूल केले. रोने नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी दिली होती. शाहजादा तिच्यात इतका रमला, की ती दुसरी भेट कधी झालीच नाही. परकीयाने केलेल्या थट्टेत अतिशयोक्ती असावयाचीच. परंतु पुढची हकीकत रोला दोष देऊ देत नाही. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ मध्ये याच शहरात अतिमद्यपानाने वारला होता, आणि परवेझही १६२६ मध्ये येथेच तशाच रीतीने वारला. दख्खन जिंकण्यास पाठविलेल्या शाहजाद्यांना पलीकडे जाऊन लढणे कठीण, आणि परत दिल्लीस जाणे धोक्याचे. मधल्या मुक्कामावर वर्षे काढणाऱ्याला पेला हाच सोबती उरतो.

शाहजहान बादशहाचा येथला मुक्काम सर्वांत अधिक गाजला, तो वेगळ्या कारणाने. बंडखोर सरदार खानजहान लोदी याचा पाठलाग करीत बादशहा १६३० मध्ये बऱ्हाणपुरास आला आणि दोन वर्षे येथूनच राज्य चालवीत राहिला. नेमके तेव्हाच पाऊस हटला. गुजरात, खानदेश आणि दख्खन यांना इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एकाने गाठले. या दुष्काळाचे साक्षीपत्र पीटर मंडी या इंग्रजाने ठेविले आहे. १६३० च्या नोव्हेंबरात तो सुरतेहून निघाला. नंदुरबारेस त्याला लहानसा तंबू ठोकण्यास जागा मिळेना, कारण जागोजाग प्रेते पडलेली होती. शहरातली माणसे मेलेल्यांना पायांनी ओढीत वेशीबाहेर आणून टाकीत होती. दुर्गंधीने वाट कोठेही सुटली नाही. आणि अशी वाट तुडवीत तो बऱ्हाणपुरास पोहोचला, तो येथला बाजार भरलेला! बादशाही छावणी येथे होती. तिला लागणारे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून उत्तरेकडून अखंड येत होते. बऱ्हाणपूर सोडून आग्र्याकडे निघाल्यावर त्याला हे तांडे भेटले, लष्करासाठी गहू-तांदूळ वाहून आणणारे आणि पुन्हा भरण्यासाठी रिकामे परतणारे.

म्हणजे बैल होते, वाट होती, माळव्यात धान्यही होते. नव्हती ती फक्त खानदेशातल्या कुणब्याच्या गाठीला विकत घेण्याची शक्ती, आणि त्याच्यापर्यंत बैल वळविण्याची कोणाची आज्ञा. दरबारी इतिहासकार लिहितो, की बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगरखाने उघडले, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार मिळून एक लाख रुपये गरिबांस वाटले. सोमवार निवडला, कारण बादशहा त्या वारी तख्तावर बसला होता. सारामाफीही दिली. यात खोटे काही नसावे. औदार्य होते, पण ते बादशहाच्या नजरेच्या टप्प्यात होते. लंगर शहरात, प्रेते वाटेवर. दुष्काळ निवारणाच्या कामातला हा दोष सतराव्या शतकापुरता राहिला असता तर बरे झाले असते. तंबूतून जेवढे दिसते तेवढेच राज्य, असे मानण्याची सवय सत्तेला लवकर जडते.

याच मुक्कामात, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल बेगमेचा अंत झाला. तिला नदीपलीकडे झैनाबादेच्या बागेत तात्पुरते पुरले. राजघाटाकडून पलीकडे पाहिले की त्या बाजूस आहूखाना, म्हणजे हरिणांची बाग, हिचे अवशेष आहेत. सहा महिने तो देह तेथे होता. डिसेंबर १६३१ मध्ये शाहजादा शुजा याच्या देखरेखीखाली तो आग्र्यास नेण्यात आला, आणि पुढे यमुनातीरी जे उभे राहिले ते जग जाणते. ताजमहाल आधी तापीच्या काठी बांधावयाचा होता, असे येथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. त्याला पुरावा नाही. परंतु ज्या शहराच्या हातून एवढी ठेव निसटली त्याने अशी कथा रचली तर त्यावर रागावण्याचे कारण नाही. मृतांनासुद्धा येथून पुढे जावे लागले, हेच या शहराचे वैशिष्ट्य दिसते. १६२२ मध्ये कैदेत असताना शाहजादा खुस्रो येथे मेला; त्याची माती येथून हलून अखेर अलाहाबादेस विसावली. निजामउल्मुल्क आसफजहा १७४८ मध्ये येथे वारला आणि त्याला पुरले ते खुलदाबादेस. पुरंदरच्या तहाने मराठी इतिहासात अजरामर झालेला मिर्झा राजा जयसिंग दख्खनेतील अपयश माथी घेऊन परत जात असता १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच निवर्तला. त्याची छत्री तेवढी शहराबाहेर तापीच्या बाजूला उभी आहे. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर सुमारे वर्षभरातच त्यांना आग्र्यास पाठविणाऱ्याचा प्रवास येथे संपला.

राहिले कोण, तर विणणारे. टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४१ मध्ये येथून गेला तेव्हा त्याला शहर मोठे पण पडझड झालेले दिसले. बहुतेक घरे गवताने शाकारलेली होती. पण त्याच घरांतून निघणारी तलम, पांढरी, फुलांच्या छापाची, सोन्यारुप्याची किनार असलेली वस्त्रे इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, मॉस्को आणि पोलंडपर्यंत जात होती, हेही त्याने नमूद केले. गवताचे छप्पर आणि खाली जरीचे वस्त्र, हे चित्र पुढची दोनशे वर्षे तसेच राहिले. बऱ्हाणपूरची तार, म्हणजे चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन ओढलेला कलाबतू, नावाजलेली होती. पैठणी नेसणाऱ्या कितीक स्त्रियांच्या पदरात या शहराचे थोडेसे सोने गुंफले गेले असेल.

एवढी संपत्ती वाटेवर पडलेली असल्यावर तिच्यावर कोणाची नजर जाणार नाही? १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांचे सैन्य हंबीरराव मोहित्यांसह एकाएकी बऱ्हाणपुरावर आले. पहिला घाला बहादुरपुऱ्यावर पडला, जेथे सावकार आणि सराफ राहत. पाठोपाठ भोवतालचे सतरा पुरे लुटले गेले. खाफीखानाने या प्रसंगाचे वर्णन मोठ्या दुःखाने केले आहे, आणि मराठी ग्रंथकारांनी मोठ्या अभिमानाने. पायी चालणाऱ्याला दोघांनी न सांगितलेली एक गोष्ट दिसते. हे पुरे एकमेकांपासून पांगलेले आणि उघडे होते. रक्षणाची सारी शक्ती किल्ला आणि त्याच्या भोवतालचे शहर यांवर खर्च झालेली होती. व्यापारी कर भरीत होते, पण तटाबाहेर राहत होते. लुटीनंतर शहरातल्या मौलवींनी आणि प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला कळविले, की आमच्या वित्ताचे आणि अब्रूचे रक्षण होणार नसेल तर शुक्रवारच्या नमाजातील बादशहाचे नाव आम्ही बंद करू. एका शहराने बादशहाला घातलेला हा पेच असामान्य होय. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगजेब बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला. चार-एक महिने राहून तो औरंगाबादेकडे गेला, आणि खिंडीतून पुन्हा उत्तरेस चढण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. तो १७०७ मध्ये दख्खनेतच मेला.

पुढच्या वर्षी, १७०८ मध्ये, गुरु गोविंदसिंग बहादुरशहाच्या छावणीबरोबर नांदेडच्या वाटेवर असता येथे थांबले. बडी संगत गुरुद्वारा त्या मुक्कामाची आठवण ठेवते. दाऊदी बोहऱ्यांचे संत सैयदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांचा दर्गा येथे आहे, आणि दूरदूरचे बोहरे यात्रेकरू त्यासाठी मुद्दाम येतात. बऱ्हाणपूर हेच ज्यांच्या प्रवासाचे अखेरचे ठिकाण असते असे पाहुणे कदाचित हेच. आज ज्या तटाचे तुकडे आणि दरवाजे दिसतात तो निजामाने १७३१ मध्ये बांधविला, म्हणजे चोर येऊन गेल्यावर पन्नास वर्षांनी. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आले. त्याच वसंतात सदाशिवरावभाऊंची फौज येथे तापी उतरून हंड्याकडे आणि तेथून पानिपताकडे गेली. त्या फौजेतले किती जण या बाजारात फिरले असतील आणि किती परत याच घाटावर आले असतील, याचा विचार नदीकाठी उभे राहिले असता टाळता येत नाही. १७७८ मध्ये शहर शिंद्यांकडे गेले. १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने ते घेतले आणि तहात परत दिले. १८६० च्या सुमारास ते कायमचे इंग्रजी अमलात गेले. मग मुंबईहून जबलपूरकडे लोहमार्ग निघाला व तो १८७० मध्ये पुरा झाला. गाडी बऱ्हाणपूरला थांबू लागली, पण शहरात नव्हे, तर दोन मैलांवर लालबागेत. रेल्वेच्या प्रवाशाला मुक्कामाची गरज नसते. सराया ओस पडल्या.

त्याच लालबागेच्या परिसरात या शहराची खरी दौलत आहे, आणि ती जमिनीवर दिसत नाही. माळावर काही अंतरा-अंतराने गोल, बुटके कठडे ओळीने उभे आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते साध्या विहिरींचे वाटतात. हे कुंडी भंडाऱ्याचे मुखवटे होत. फिंचने पाण्याला दूषण दिल्याला पाच वर्षे होतात न होतात तोच, म्हणजे १६१५ च्या सुमारास, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याने ही योजना हाती घेतली. इराणात वाळवंटाखालून पाणी नेणारे जे भुयारी कालवे असतात त्यांची विद्या जाणणारा तबकुतुल अर्झ नावाचा इराणी भूगर्भवेत्ता त्याने आणविला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी तापीकडे झिरपत येते. ते वाटेतच अडवून भुयारात घ्यावयाचे, आणि भुयाराला अशी मंद उतरण द्यावयाची की कोणतेही यंत्र न लावता ते शहरापर्यंत चालत यावे. वर शंभरावर कुंड्या खणल्या. त्यांतून हवा आत जाते, गाळ काढण्यास माणूस उतरतो, आणि वाटेवरचा वाटसरू पोहरा सोडून पाणी काढतो. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी या योजनेतील इतर जलाशयांची नावे आहेत. ‘चिंताहरण’ हे नाव ज्याने ठेविले त्याने उन्हाळ्यातले शहर पाहिलेले असावे.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. खानखानानाचा प्रतिस्पर्धी मलिक अंबर याच सुमारास खडकी येथे, म्हणजे पुढे औरंगाबाद झालेल्या गावी, अगदी याच जातीचा भुयारी कालवा खणवीत होता. ‘नहरे अंबरी’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. १६१६ च्या आरंभी खानखानानाचा मुलगा शाहनवाजखान याने रोषणगावाजवळ मलिक अंबराचा पराभव केला आणि खडकी जाळली. चार वर्षांनी मलिक अंबराच्या निजामशाही फौजेने, आणि तिच्यातल्या मराठी पथकांनी, बऱ्हाणपुराला वेढा घातला. एकमेकांची शहरे जाळणारे आणि वेढणारे हे दोघे आपापल्या शहराला पाणी मात्र एकाच विद्येने पाजीत होते. शाहनवाजखान १६१९ च्या सुमारास मद्यापायी बापाच्या आधी गेला. उतावळी नदीच्या काठी काळ्या दगडात त्याची कबर आहे, आणि ती या शहरातील रेखीव इमारतींपैकी एक आहे. खानखानानाची स्वतःची कबर दिल्लीत.

खानखानान कवी होता, दाता होता, सेनापती होता. हिंदी वाचकांना तो रहीम म्हणून माहीत आहे. त्याच्या एका आश्रिताने त्याच्या चरित्राचा ‘मआसिरे रहीमी’ हा मोठा फारसी ग्रंथ याच शहरात लिहिला. पण त्याच्या चतुर कारस्थानांनी दख्खन जिंकली गेली नाही, त्याच्या वाड्याचे ठिकाण शोधावे लागते, आणि लालबागेतल्या ज्या छायादार वाटेने फिंचला भुरळ पाडली तिच्या जागी आता रेल्वे स्टेशन, तिच्याभोवतीची वस्ती आणि वाहनांची वर्दळ आहे. कुंडी भंडाऱ्याचे मात्र तसे झाले नाही. जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव २०२४ मध्ये समाविष्ट झाले. एका कुंडीत पाळणा बसविलेला आहे; त्यातून सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येते. खाली गुडघाभर स्वच्छ पाणी सावकाश वाहत असते. चार शतकांत त्या पाण्यातील चुना भिंतींवर थर धरून बसला आहे, इतका की भुयार पांढऱ्या दगडात कोरल्यासारखे दिसते. मान वर केली की कुंडीच्या तोंडातून उजेडाचे एक वाटोळे चकते येते, पुढच्या कुंडीखाली तसेच दुसरे, त्याच्या पुढे तिसरे. वर माळावर बैल चरत असतात, आणि त्यांच्या पायांखालून पाणी शहराकडे चाललेले असते.